मूल जिथं आहे तिथं

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला येऊन थांबली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, रूळ कल्याणपर्यंत पोचले. कल्याणच्या पुढे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याचा घाट चढून नाशिक-भुसावळकडे जातो, दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून पुण्याकडे. उत्तर प्रदेश-बिहारमधून भुसावळमार्गे येणारी गाडी असो, नाहीतर सोलापूर-पुण्याकडून येणारी, दोन्ही वाटा कल्याणला एक होतात. प्रवाशांच्या दृष्टीनं ही साधी भूगोलाची गोष्ट आहे. घरातून पळून आलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं मात्र तिला फार अर्थ आहे. त्याच्याकडे तिकीट नसतं आणि कुठल्या स्थानकावर उतरायचं हेही त्याला ठाऊक नसतं. 'मुंबई' एवढा एकच शब्द त्याला माहीत असतो. डब्यातली माणसं सामान आवरायला लागली, खिडकीबाहेर इमारतींची रांग सुरू झाली, की त्याला वाटतं, आलो आपण. मग तो कल्याणला उतरतो, नाहीतर ठाण्याला, नाहीतर थेट दादरला किंवा कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला.

ही मुलं का येतात याची कारणं मोठ्या माणसांना कधीकधी क्षुल्लक वाटतात. परीक्षेत नापास झाला, मोबाइलवरून बाप ओरडला, मास्तरांनी मारलं, कुणी म्हणालं की तिकडे हॉटेलात काम मिळतं. पण थोडं खोलात गेलं की बहुतेक वेळा खाली दुसरं काही असतं. दारू पिऊन रोजची मारहाण, आई गेल्यावर घरात कुणाचंच लक्ष नसणं, कर्जापायी गाव सोडून दुसरीकडे राबायला गेलेले आईबाप, नात्यातल्याच कुणाचा त्रास. ओरडा हे निमित्त असतं. मूल आधीच घरातून थोडंथोडं सुटत आलेलं असतं.

फलाटावर उतरल्यानंतरचे पहिले काही तास सगळ्यात मोलाचे. मुलाला भूक लागलेली असते, भीती वाटत असते आणि समोरचा कुठलाही माणूस बरा वाटत असतो. त्या वेळी त्याच्याजवळ आधी कोण पोचतं यावर पुढची कित्येक वर्षं ठरतात. आधीपासून स्थानकावर राहणारी मोठी मुलं पोचली, तर ती त्याला बाटल्या वेचायला, गाडीत झाडू मारून पैसे मागायला शिकवतात. भूक मारायला रुमालावर व्हाइटनर नाहीतर सोल्युशन ओढायलाही शिकवतात. कामाला मुलं पुरवणारा माणूस पोचला, तर ते मूल एखाद्या कारखान्याच्या माळ्यावर जाऊन पडतं. पोलिस किंवा संस्थेचा कार्यकर्ता पोचला, तर गोष्ट वेगळ्या वाटेनं जाते. अनुभवी कार्यकर्ते सांगतात की मुलाला पहिला प्रश्न नाव-गावाचा विचारायचा नसतो, कारण त्या प्रश्नाला मूल हमखास खोटं उत्तर देतं. आधी विचारायचं, "जेवलास का?" खरं नाव यायला कधी एक दिवस लागतो, कधी आठवडा.

कायद्यानं या पहिल्या तासांची दखल घेतलेली आहे. 'बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५' हा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्यानुसार एकटं, निराधार, हरवलेलं मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. जिल्ह्याजिल्ह्यांत असलेल्या या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांतली किमान एक स्त्री, आणि समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. असं मूल दिसूनही ठरलेल्या मुदतीत कुणाला कळवलं नाही, तर तो गुन्हा धरला जातो आणि सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही तरतूद पोलिस, रुग्णालयं, संस्था यांच्याबरोबर तुमच्याआमच्यासारख्यांनाही लागू आहे. लोकलमधून रोज येजा करणाऱ्या लाखो ठाणे-डोंबिवलीकरांपैकी फार थोड्यांना हे माहीत असेल.

कळवायचं कुठं, या प्रश्नाचं उत्तर मुंबईतूनच निघालं. १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी फोनसेवा सुरू केली. तिचा क्रमांक १०९८. लक्षात राहावा म्हणून उतरत्या क्रमानं मोजल्यासारखा हा आकडा देशभर पसरला आणि 'चाइल्डलाइन' हे नाव घरोघरी पोचलं. मोठ्या रेल्वे स्थानकांवर मुलांसाठी मदत कक्ष सुरू झाले. २०२३ मध्ये ही सेवा सरकारनं आपल्याकडे घेतली आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. क्रमांक तोच राहिला. या बदलात एक गोष्ट जपली जावी असं मला कळकळीनं वाटतं. फोन उचलणारा माणूस कुठल्या खात्याचा आहे याला महत्त्व कमी. फोन झाल्यावर कुणीतरी पायानं चालत फलाटापर्यंत जायला हवं, आणि ते जाणारं माणूस आजवर बहुतेक स्थानिक संस्थेचं असायचं.

अशा स्थानिक संस्थांमध्ये ठाण्याच्या समतोल फाउंडेशनचं नाव घ्यायला हवं. विजय जाधव यांनी सुरू केलेली ही संस्था रेल्वे स्थानकांवर सापडणाऱ्या मुलांना घरी पोचवण्याचं काम करते. कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या मामणोली इथं संस्थेचं मनपरिवर्तन शिबिर चालतं, सुमारे पंचेचाळीस दिवसांचं. फलाटावरचं मूल थेट घरी नेऊन सोडलं तर ते पुन्हा पळून येण्याची भीती असते, म्हणून मध्ये हा टप्पा. ठरावीक वेळी उठणं, आंघोळ, व्यायाम, प्रार्थना, खेळ, शेतातलं थोडं काम, अभ्यास, गप्पा. दिवसाला आकार आला की मूल हळूहळू घराबद्दल बोलायला लागतं. कित्येकांच्या बाबतीत व्यसन सुटणं हीच पहिली लढाई असते. मग पालकांना बोलावून घेतात, आणि आईबाप नि मूल समोरासमोर येतात. इतके महिने शोधूनही न सापडलेला पोरगा पाहून काय होत असेल, ते सांगायला नको.

तरीही घरी पोचवलं म्हणजे काम संपलं, असं धरून चालणं घातक आहे. कायदासुद्धा मुलाला घरी परत पाठवण्याआधी सामाजिक तपासणी अहवाल मागतो. घरी कोण आहे, मारझोड होते का, शाळा जवळ आहे का, नात्यातलं कुणी जबाबदार माणूस आहे का, हे आधी पाहायचं असतं. मूल परराज्यातलं असेल तर हा अहवाल तिकडच्या जिल्ह्यातून यावा लागतो, आणि तो येईपर्यंत मूल इथल्या बालगृहात थांबतं. सर्वोच्च न्यायालयानं 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सांगितलं की मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची, आणि त्याचं अपहरण किंवा त्याची तस्करी झाली असावी असं गृहीत धरून तपास करायचा. त्याआधी अशा तक्रारी बऱ्याचदा नुसत्या वहीत टिपल्या जायच्या. आता बिहारमधल्या पोलिस ठाण्यात नोंद झालेलं नाव कल्याणला सापडलेल्या मुलाशी जुळवता येतं, मात्र त्यासाठी दोन्हीकडच्या कुणीतरी ती नोंद वेळेवर भरायला हवी.

पळून आलेलं मूल निदान दिसतं तरी. रोज दिसूनही ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, अशी मुलं याच परिसरात आहेत. ठाण्याचा तीन हात नाका सगळ्यांना माहीत आहे. पूर्व द्रुतगती महामार्ग तिथून जातो, वर उड्डाणपूल, खाली सिग्नल, आणि सिग्नल लाल झाला की गजरे, फुलं, खेळणी, गाडी पुसायची फडकी घेऊन काचेशी येणारी मुलं. यांतली बरीच कुटुंबं मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून आलेली, काही पारधी समाजातली. पुलाखालीच संसार. वर्षानुवर्षं या मुलांच्या शिक्षणाबद्दल एकच उत्तर दिलं जायचं: महापालिकेच्या शाळा आहेत, मोफत आहेत, त्यांनी यावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला हक्क दिला, वयाला साजेशा वर्गात थेट प्रवेशाची सोयही दिली. पण मुलं आली नाहीत. येणार कशी? दिवसाची कमाई बुडते, अंगावर कपडे धड नाहीत, वर्गातली मुलं नाक मुरडतात, आणि वयानं बारा असलेल्या पोराला अक्षरओळखसुद्धा नसते.

१५ जून २०१६ ला समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेनं ठाणे महानगरपालिकेच्या साहाय्यानं याच पुलाखाली शाळा सुरू केली. मालवाहू कंटेनर आणून ठेवले, त्यांत वर्ग केले. नाव ठेवलं सिग्नल शाळा. संस्थेचे भटू सावंत आणि त्यांचे सहकारी शिक्षक यांनी जे केलं ते ऐकायला सोपं आहे, करायला फार कठीण. मूल आलं की आधी आंघोळ, स्वच्छ गणवेश, पोटात काही गरम. मग पाटी-पुस्तक. पालकांची समजूत घालायला शिक्षकांना लांब जावं लागत नव्हतं, पालक वीस पावलांवर होते. मुलाला दुपारी फुलं विकायला बोलावून नेलं, तरी शिक्षकांना ते डोळ्यांसमोर दिसायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल बोलता यायचं. पुढे प्रयोगशाळा आली, संगणक आले, खेळ आले. २०१८ मध्ये या शाळेतली पहिली दोन मुलं दहावी उत्तीर्ण झाली.

पुलाखालची शाळा ही काही कायमची व्यवस्था नव्हे, असा आक्षेप घेणारे लोक आहेत. वर गाड्यांचा अखंड आवाज, धूर, बाजूला महामार्ग, इथं मुलांनी का शिकावं? आक्षेप रास्त आहे. मुलांना चांगल्या इमारतीतच शाळा मिळाली पाहिजे. पण ज्या मुलांना चांगल्या इमारतीपर्यंत जाताच येत नव्हतं, त्यांना तिथवर नेणारा पूल हीच शाळा ठरली. इथं शिकलेलं मूल पुढे नेहमीच्या शाळेत, महाविद्यालयात जाऊ शकतं. तिथं बसायचं कसं, बोलायचं कसं, फॉर्म भरायचा कसा, हे त्याला इथं कळलेलं असतं. आधी कागदपत्रांचंच पाहा. जन्मदाखला नाही, म्हणून आधार नाही, म्हणून जातीचा दाखला नाही, म्हणून शिष्यवृत्ती नाही. ही साखळी एकेका मुलासाठी शिक्षकांनी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवून सोडवली. मुलाच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा कागद येतो, तेव्हा ते सरकारच्या लेखी अस्तित्वात येतं.

ठाण्यातच आणखी एक गोष्ट घडली, आणि मुलांचं संरक्षण हा विषय निघाला की तिच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. समता विचारप्रसारक संस्था वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम करत होती. नाटककार रत्नाकर मतकरी यांनी या संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' ही कल्पना उभी केली आणि २०१४ पासून 'नाट्यजल्लोष' सुरू झाला. वस्तीतल्या मुलामुलींनी आपल्याच आयुष्यातले विषय घ्यायचे, आपणच लिहायचे, बसवायचे आणि शहरातल्या रंगमंचावर करायचे. बापाची दारू, पाण्याची रांग, मुलीचं लवकर ठरवलेलं लग्न, शाळेतला अपमान. ज्या मुलाला घरी बोलायची चोरी असते, त्याला इथं शे-दोनशे लोकांसमोर मोठ्यानं बोलायला मिळतं. मला हे काम संरक्षणाचंच वाटतं. ज्या मुलाला आपलं म्हणणं ऐकलं जाईल अशी सवय लागलेली असते, ते वाईट प्रसंगात गप्प राहण्याची शक्यता कमी असते.

शहराच्या कडेला गेलं की चित्र बदलतं. भिवंडी, कल्याण, शहापूर, अंबरनाथ या पट्ट्यात दिवाळी सरली की वीटभट्ट्या पेटतात आणि पहिल्या पावसाच्या आधी बंद होतात. भट्टीवर येणारी कुटुंबं बहुतेक आदिवासी, कातकरी, वारली, ठाकूर. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मालकाकडून बयाणा घेतलेला असतो आणि तो फेडायला सगळं घर भट्टीवर येतं. मुलंही. ती धाकट्या भावंडाला सांभाळतात, कच्च्या विटा उन्हात पलटतात, माती तुडवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत गावच्या शाळेत हजर असलेलं मूल मग वर्षभराच्या अभ्यासाला मुकतं. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली. पण बयाण्यात अडकलेलं कुटुंब त्या कायद्याच्या कक्षेत येतं हे सिद्ध करायला लढावं लागलं, आणि जुन्या ठाणे जिल्ह्यात ती लढाई विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेनं लढली. त्यांच्याच विधायक संसद या संस्थेनं १९९० च्या दशकात भोंगाशाळा सुरू केल्या. भट्टीवरच्या मजुराची तात्पुरती झोपडी म्हणजे भोंगा. शाळाही तशाच भोंग्यात, भट्टीच्या बाजूला, वस्तीतलाच थोडा शिकलेला तरुण शिक्षक. भट्ट्या बंद झाल्या की शाळाही बंद. मूल पावसाळ्यात गावी परततं तेव्हा ते पुढच्या वर्गात बसू शकावं, एवढाच हेतू. आता शासनाची शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे. मूल स्थलांतराला निघालं की शाळेनं कार्ड द्यायचं, जिथं जाईल तिथल्या शाळेनं ते पाहून त्याला बसवून घ्यायचं. जिथं मुख्याध्यापक स्वतः भट्टीवर जाऊन मुलं मोजतात, तिथं ते चालतं. जिथं कार्ड घेऊन मूल स्वतः येईल अशी वाट पाहिली जाते, तिथं ते पेटीतच राहतं.

फलाट, सिग्नल, भट्टी या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट कामी आली. कुणीतरी उठून मुलाच्या जागी गेलं. पण सगळ्यात अवघड जागा राहते ती घर.

कल्याण पूर्वेतल्या किंवा दिव्यातल्या एखाद्या चाळीत बाप वारला, आई धुणीभांडी करते, दोन मुलं आहेत. घरभाडं थकलं की नातेवाईक सुचवतात, एकाला आश्रमात टाक. गरिबीपायी मुलाला संस्थेत ठेवलं जातं आणि एकदा ठेवलं की ते तिथंच मोठं होतं. हे थांबवायला महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलेल्या या योजनेत एक पालक असलेल्या, आईबाप गंभीर आजारी असलेल्या किंवा मुलाला सांभाळू न शकणाऱ्या घरांतल्या मुलांना २०२३ पासून दरमहा २२५० रुपये मिळतात. त्याआधी ही रक्कम ११०० होती, आणि तिच्याही आधी बरीच वर्षं ४२५. कोविडच्या लाटेत आईवडील गेले तेव्हा या योजनेचं महत्त्व लोकांना कळलं. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्यानं २०२१ मध्ये पाच लाखांच्या ठेवी ठेवल्या, त्या वेगळ्या. २२५० रुपयांत मूल वाढत नाही हे उघड आहे. पण वह्या-पुस्तकं, रिक्षाचं भाडं, महिन्याचं दूध एवढं तरी सुटतं, आणि आईला मूल दूर करावं लागत नाही. कागद मात्र ढीगभर लागतात: मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, शाळेचं बोनाफाइड, बँकेचं खातं, मग बालकल्याण समितीपुढे हजेरी. दोन घरची कामं बुडवून त्या बाईनं जिल्ह्याच्या कार्यालयात किती फेऱ्या मारायच्या? तिच्या वस्तीतल्या अंगणवाडीच्या ताईंना ते घर आधीपासून ठाऊक असतं. अर्ज तिथंच भरून घेतला गेला, तर निम्मं काम होईल.

मूल घरातच राहावं म्हणून घराला आधार द्यायचा, हा धडा दूरच्या आफ्रिकेत फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. एचआयव्हीनं दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेत एक आख्खी पिढी ओढून नेली. मागे आज्या उरल्या आणि नातवंडं. काही घरांत तर पंधरा वर्षांचा थोरला भाऊच कर्ता. इतक्या मुलांसाठी अनाथाश्रम बांधणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि बांधलेही असते तरी ते बरं झालं नसतं. दक्षिण आफ्रिकेनं १९९८ मध्ये बालआधार अनुदान सुरू केलं. ते आईलाच मिळावं अशी अट नव्हती. मुलाला प्रत्यक्ष सांभाळणारी आजी, मावशी, कुणीही ते घेऊ शकते. आज सव्वा कोटीहून अधिक मुलांना ते मिळतं. त्याच देशात इसिबिंदी नावाच्या कामातून वस्तीतल्याच बायकापुरुषांना बालसंगोपनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. ते मुलांनीच चालवलेल्या घरांत रोज जातात, धाकट्यांना शाळेत पाठवायला मदत करतात, अभ्यास पाहतात, थोरल्याच्या डोक्यावरचं ओझं थोडं उतरवतात. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर अनाथाश्रम भरून वाहत होते. २०१२ पासून त्या सरकारनं ते टप्प्याटप्प्यानं बंद करून मुलांना नातेवाइकांकडे आणि पालक कुटुंबांकडे नेण्याचा कार्यक्रम घेतला. गावागावांत एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन स्वयंसेवक नेमले, त्यांनी घरं पाहायची. आपल्याकडेही गाव आणि प्रभाग पातळीवर बालसंरक्षण समित्या कागदावर आहेत. आपल्या प्रभागाच्या समितीत कोण आहे, हे डोंबिवलीतल्या किती सोसायट्यांना सांगता येईल?

मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्था नकोतच, असं मी म्हणत नाही. ज्याला घरच नाही, किंवा घरीच धोका आहे, त्याला सुरक्षित छप्पर लागतंच. डोंबिवलीची जननी आशिष संस्था टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांना सांभाळते आणि त्यांना दत्तक आईवडील मिळवून देते. अशा बाळाच्या बाबतीत एकेक महिना मोलाचा असतो. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे, १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात, म्हणजे वेळ वाचावा. धोका असतो तो बंद दाराआड, जिथं बाहेरचं कुणी कधी जातच नाही. शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या बौद्धिक अक्षम मुलांच्या बालगृहातली उपासमार आणि छळ २०१० च्या सुमारास वर्तमानपत्रांतून बाहेर आला. मुंबई उच्च न्यायालयानं दखल घेतली. अशा गृहांची स्थिती पाहण्यासाठी डॉ. आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली. ज्यांना स्वतःचं दुःख शब्दांत सांगता येत नाही अशा मुलांना तालुक्याच्या एका कोपऱ्यात ठेवलं होतं, आणि त्यांना भेटायला जाणारं कुणी नव्हतं.

बदलापूरची घटना तर सगळ्यांच्या मनात ताजी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतच दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. आईवडिलांना तक्रार नोंदवायला पोलिस ठाण्यात कित्येक तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला हजारो माणसं बदलापूर स्थानकाच्या रुळांवर उतरली आणि दिवसभर लोकल बंद राहिल्या. हा राग खरा होता. पण त्या कित्येक तासांचा विचार मला अधिक अस्वस्थ करतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. गुन्ह्याची माहिती मिळूनही ती न कळवणं हाही गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला त्याची शिक्षा जास्त. चार वर्षांच्या मुलीपाशी कायद्यानं जायचं होतं, आणि झालं उलटंच. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि शाळांतल्या सुरक्षेसाठी निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. त्यानंतर कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी, तक्रारपेट्या यांवर भर आला. ते हवंच. त्याबरोबर, शाळेतून आलेल्या लहान मुलीनं 'मला तिकडे जायचं नाही' असं म्हटलं तर ते ऐकून घेणारी शिक्षिका, मावशी, आजी हवी, कारण त्या वयाची मुलं तक्रारपेटीत चिठ्ठी टाकत नाहीत.

संस्थेत वाढलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं ते मूल राहत नाही. अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद २१ वर्षांपर्यंत आहे, अपवाद म्हणून २३. गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेल्या अमृता करवंदे यांना स्पर्धा परीक्षेत गुण असूनही जातीचा किंवा नॉन-क्रिमिलेअरचा दाखला नव्हता म्हणून नोकरी नाकारली गेली. त्यांनी पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रानं अनाथ मुलांसाठी एक टक्का आरक्षण ठेवलं. देशात असं करणारं हे पहिलं राज्य. आरक्षणानं नोकरीचं दार किलकिलं झालं. त्याआधी डोक्यावर छप्पर लागतं. बालगृहातून बाहेर पडलेला मुलगा ठाण्याच्या किंवा भिवंडीच्या एखाद्या गोदामात कामाला लागतो आणि दिव्याला किंवा कल्याण पूर्वेला खोली शोधतो. घरमालक अनामत रक्कम मागतो, भाडेकरार करायचा म्हणतो, पोलिस पडताळणीचा फॉर्म पुढे करतो. वडिलांचं नाव, मूळ गाव, ओळखीच्या दोन माणसांचे पत्ते. आपल्या मुलासाठी हे पत्ते आपण विचार न करता लिहून देतो. या मुलासाठी ते कुणा शिक्षकानं, संस्थेतल्या ताईंनी, नाहीतर लहानपणापासून त्याला ओळखणाऱ्या एखाद्या शेजाऱ्यानं द्यावे लागतात, आणि त्यासाठी त्या माणसाला एक दिवस रजा काढून त्याच्याबरोबर घरमालकाकडे जावं लागतं.